तेकबेरचा हातगुण

वाळवंटातल्या किफा शहरापलीकडच्या वस्तीत तेकबेरच्या हातगुणाचा मोठा डंका होता. पाऊस होऊन उंटिणींना दूध सुटलं, की लोक आपल्या काटकुळ्या पोरी तिच्या तंबूत आणून सोडत. दुधाचे कटोरे रिचवून पोर दोन महिन्यांत अशी भरायची, की मागणी घालायला रीघ लागावी. एखादी तोंड मिटून बसलीच, तर तेकबेर तिच्या पायाची बोटं दोन काटक्यांत धरून दाबायची. दुखलं की तोंड उघडतं, उघडलं की दूध ओतायचं. इतकं साधं शास्त्र.

तिची लेक सालका म्हणजे या कलेचा नमुनाच. बसली की अख्खी चटई व्यापायची. चार हाका मारल्या तरी वळायची नाही. बायका कौतुकानं म्हणत, "बाई कशी भारदस्त! ऊठसूट मान वळवायला ती काय शेळी आहे?" ते ऐकून तेकबेर फुलून जायची.

यंदा सालकानं आपली सात वर्षांची मनेतू आजीकडे सोपवली, पण अट घालून. "पोर रडली की थांबायचं, आई. मी इथेच बसणार आहे."

मनेतू पहिल्याच दिवशी "आई गं!" म्हणून किंचाळली. तेकबेरनं चोरून पाहिलं. सालका दाराशी पाठमोरी बसून चहा ओतत होती. वळली नाही. अट नुसती तोंडदेखली, म्हातारी समजली.

"ओरडू नकोस," ती नातीला म्हणाली. "आईला ऐकू येतंय. तिला हेच हवंय."

त्यानंतर पोरीनं आईला हाक मारली नाही. आठ दिवस मुकाट रडत दूध प्याली.

नवव्या दिवशी वस्तीत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मागून सालकाला हाक मारली. मग टाळी वाजवली. मग चहाची परात वाजवली.

"ती नाही हो हाकेसरशी वळायची," तेकबेर हसून म्हणाली. "भारदस्त आहे माझी लेक."

"मावशी, हिला ऐकू येत नाही." बाईंनी रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. "कानातल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक. एवढं वजन, वर ही साखर. तिथवर रक्त नीट पोचत नाही. सगळ्याच जाड माणसांचं असं होत नाही, पण हिचं तसंच झालेलं दिसतंय. एवढं खाऊ घातलं कुणी हिला?"

ज्या हातांची गावभर तारीफ, ते तेकबेरनं पदराखाली लपवले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सालकानं मनेतूला जवळ ओढलं. बोटांवरचे काळेनिळे वळ पाहिले. "आई, ही रडली का गं?"

तेकबेर मान खाली घालून काहीतरी पुटपुटली.

"मान वर कर," सालका म्हणाली. "तोंड दिसलं नाही, की मला तुझं बोलणं कळत नाही."

तेकबेरला मान वर करावीच लागली. लेकीच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द नीट उच्चारत ती म्हणाली, "रडली. तुला हाक मारून रडली."