भरलेल्या विमानातली धरलेली जागा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी जळगावात केळीचा व्यापार करतो. हातगाडीपासून सुरुवात केली. घड उलटासुलटा करून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही, आणि कोणी फसवायला निघालं की माझा आवाज चढतो. तरी हे लिहितोय... कोणीतरी मला खोटं पाडावं म्हणून.

माझी एकुलती एक मुलगी मयुरी एका विमान कंपनीत एअर होस्टेस आहे. ड्युटी हैदराबादहून सुरू होते, घर जळगावात. सुट्टी लागली की स्टाफच्या तिकिटावर घरी येते. त्या तिकिटाचा नियम असा — सगळे प्रवासी चढल्यावर जागा उरली तरच तिला घेणार. तोवर काउंटरपाशी उभं राहायचं, वाद घालायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझी बायको मंगल दवाखान्यात होती. हृदय थकलं होतं. सकाळी डॉक्टर म्हणाले, "मुलीला बोलावून घ्या." दुपारचं विमान भरलेलं. मी कंपनीला फोन केला. लागेल तो भाव देतो म्हणालो, नंतर शिव्याही दिल्या.

"सर, फ्लाइट फुल आहे."

आयुष्यभर घासाघीस केली, तिथे ती चालेना. तुमच्याच कामावरची पोर, आणि तिलाच सगळ्यांत शेवटी? तो राग अजून गेलेला नाही.

मंगल मधूनच डोळे उघडायची. माहेर भडगावकडचं, माझ्याशी कायम अहिराणीच बोलली.

"तिले जागा भेटनी का?"

"भेटी जाई. तू पडी ऱ्हाय."

"तुमनावर भरोसा नही. भांडण करशात अन् काम बिघाडशात." जराशी हसली. मग डोळे मिटून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मीच धरसू जागा."

त्यानंतर ती बोलली नाही. थोड्याच वेळात, दुपारचं विमान सुटायच्या आधीच, गेली.

मयुरीला फोन लावला, तो बंद. आणि संध्याकाळी पोरगी युनिफॉर्ममध्येच वॉर्डाच्या दारात उभी. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. काउंटरवरून तिला "सॉरी" म्हणून झालं होतं. तेवढ्यात विमानातून निरोप आला — एक सीट रिकामी आहे, तिच्यावर रुमाल ठेवलाय, पण तो कोणाचाच नाही. सगळी तिकिटं विकलेली, सगळी माणसं आत, तरी एक जागा उरते. पुन्हा मोजलं, तरी तेच. उशीर होत होता, म्हणून मयुरीला बसवून घेतलं.

तिने पर्समधून रुमाल काढला. कडेला लाल दोऱ्याची टीप. मंगल घरातल्या प्रत्येक रुमालाला घालायची तशी. पाचोऱ्याच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत ती खिडकीतून असाच रुमाल टाकून पोरीसाठी जागा धरायची.

"तूच घरून नेला असशील," मी म्हणालो.

"नाना, मी चढायच्या आधीच तो सीटवर होता."

कंपनीला विचारलं. म्हणतात, विमान फुल होतं, आणि मॅडमही त्यात होत्या. दोन्ही खरं कसं, ते त्यांनाही सांगता येत नाही. मलाही नाही.

पण हल्ली घरात एकटा असलो की मी मंगलशीच भांडतो. जागा धरायला तू कशाला गेलीस? पोर दारात येईपर्यंत इथेच थांबायचं होतंस ना.