फूटपाथवरून गेलेली तार

दत्ताराम पाष्टे तारवाला. सरकारदरबारी तो शिपाई होता, पण लालबाग-परळच्या चाळींतून त्याला त्या नावानं कुणी ओळखलं नाही. अंगात खाकी, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात सरकारी सायकल. चाळीच्या तोंडाशी हा दिसला की वरच्या मजल्यावरच्या बायका कामं टाकून कठड्याशी येत. तार म्हणजे मरण, हे गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कागद हाती पडायच्या आतच अर्धी चाळ रडायला लागायची.

म्हणून दत्तारामनं स्वतःची एक रीत पाडली होती. बारशाच्या, लग्नाच्या शुभेच्छा नक्षीच्या पाकिटातून यायच्या. तसलं पाकीट असलं की तो खालूनच आरोळी ठोकायचा, "आनंदाची आहे हो!" मग बायका हसत, कुणी त्याला थांबवून लाडूही देई. पाकीट साधं असलं की तो काही न बोलता जिना चढायचा. अकरा वर्षांत त्यानं ही रीत मोडली नव्हती, आणि साहेबानं दोनदा सांगूनही ती बंद पडली नव्हती.

असा हा माणूस दिवाळीच्या आदल्या आठवड्यात परळच्या नाक्यावर पडला. ट्रामचे रूळ रस्त्यात गाडलेले, आणि रुळाच्या कडेची खाच सायकलचं चाक गिळायला टपलेली. मागून लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला, दत्ताराम दचकून बाजूला झाला, पुढचं चाक खाचेत गेलं आणि तो ट्रामपुढे पालथा पडला. ड्रायव्हरनं पायाखालची घंटा बडवत ब्रेक मारला. ट्राम थांबली तेव्हा तिच्यात आणि दत्तारामच्या डोक्यात वीतभर अंतर होतं. कोपर फुटलं, बाकी माणूस शाबूत घरी आला.

घरी कमलनं काही विचारलं नाही. दोन वर्षांच्या नलूला तिनं त्याच्यापुढे बसवलं, त्याचा धड राहिलेला हात धरून पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा. ट्रामच्या रस्त्यावर सायकल घालणार नाय."

"अगं, मी तारवाला. रस्त्यावर नाय जायचं तर काय गच्चीवरून जाऊ?"

"म्हणा."

कमलचं चुकलं म्हणायची माझी तरी छाती नाही. त्याच वर्षी जानेवारीत, मुंबईसाठी रस्ते पेटले होते तेव्हा, तिचा पाठचा भाऊ शिवा नाक्यावर काय चाललंय ते बघायला म्हणून उतरला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला. हातात दगड नव्हता, झेंडा नव्हता. रस्त्यानं एक घेतलाय, दुसरा मी देणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. दत्तारामनं शपथ घेतली.

आता आमच्याकडे शपथेचा कायदा असा, की ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून सुटत नाही, आणि न सुटता मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्या जिवावर बेततं. शिकलेली माणसं याला हसतात. हसोत बापडी. पोर आपली असली म्हणजे हसू येत नाही.

तेव्हापासून दत्ताराम फूटपाथनं जाऊ लागला. आता गिरणगावातला फूटपाथ म्हणजे काय रिकामी वाट होती? तिथे न्हावी बसे, चांभार बसे, चणेवाल्याची टोपली असे. चाळीच्या खोलीत एका वेळी पंधरा माणसं मावत नाहीत, म्हणून रात्रपाळी करून आलेले गडी तिथेच चादर ओढून झोपत. त्यांच्या उशापायथ्यातून दत्ताराम घंटी वाजवत सायकल काढायचा. दहा पावलं बसून, वीस पावलं हातात धरून. "घरात घाल की सायकल!" म्हणून शिव्या पडायच्या. तो हात जोडायचा. रस्त्यावर गाडीवाले लोटतात, फूटपाथवर शिव्या देतात. सायकलवाल्यानं जायचं तरी कुठून, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

शेजारच्या खोलीतले नाना, गिरणीत मुकादमी करून निवृत्त झालेले जॉबर, एकदा म्हणाले, "दत्ताराम, तू कडेकडेनं रस्त्यावरून जा. कमल काय तुझ्या मागे धावत येते?"

"नाना, हात पोरीच्या डोक्यावर होता. बघायला कोण कशाला पायजे?"

दर आठ-पंधरा दिवसांनी तो कमलजवळ विषय काढायचा. "सुटली म्हण ना." ती भाकरी थापत राहायची. तारा उशिरा पोचत होत्या, ऑफिसात दोनदा लेखी जबाब द्यावा लागला होता. तरी चार महिने निभावलं.

मग तो मार्चमधला दिवस आला. निवडणुकीचे दिवस, भिंतीभिंतीवर मुंबई मागणाऱ्या समितीच्या घोषणा. दादरच्या बाजूच्या ऑफिसातून आठ-पन्नासला त्याच्या हातात तार पडली. पाकीट साधं. पत्ता लालबागचा, नाव रामदास घाणेकर, तार जयगडहून आलेली. आत काय आहे ते तारवाल्याला सांगत नाहीत, पण कोकणातून साध्या पाकिटाची अर्जंट तार कशाला येते, हे अकरा वर्षांत दत्तारामला कळलं होतं. आणि कोकणची बोट भाऊच्या धक्क्यावरून दहाला सुटते, हे तर तिकडच्या प्रत्येक माणसाला पाठ. रस्त्यानं गेलं तर लालबाग पंधरा मिनिटं. नऊ-पाचला तार, टॅक्सी करून साडेनऊला धक्का. जमत होतं.

तो सायकलवर बसला आणि हँडल आपोआप रस्त्याकडे वळलं. समोरून ट्राम येत होती. त्याला नलूचं डोकं तळहाताखाली जाणवलं, तेल लावलेलं, गरम. त्यानं सायकल उचलून फूटपाथवर घेतली.

आणि मग सगळंच आडवं आलं. नाक्यावरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं सभेची बातमी लिहीत होतं, आणि वाचायला शंभर माणसं फूटपाथ अडवून उभी होती. "जाऊ द्या हो, तार आहे," तो सांगत होता, पण सगळ्यांच्या माना फळ्याकडे. त्यातून सुटला तो जोरात पायडल मारत निघाला, इतका जोरात, की चाकाच्या धक्क्यानं चांभाराची पेटी उडाली. चांभार ओरडला आणि हवालदार आला.

"उतर. फूटपाथ माणसांचा आहे. सायकल रस्त्यावर चालवायची."

"हवालदारसाहेब, तार आहे. अर्जंट."

"मग रस्त्यावरून का गेला नाहीस?"

याला दत्तारामजवळ उत्तर होतं, पण हवालदाराला ते कसं सांगणार? बायकोनं शपथ घातली म्हणून? हवालदारानं खाली वाकून दोन्ही चाकांची हवा सोडली, व्हॉल्व्ह खिशात घातले आणि म्हणाला, "चौकीवर येऊन ने." तेव्हाच्या मुंबईत सायकलवाल्याला हीच शिक्षा होती आणि ती रोज कुणाला ना कुणाला व्हायची. गुन्ह्याच्या मानानं बरोबरच म्हणायची.

फुसके टायर फटफट वाजवत दत्ताराम सायकल ढकलत पळाला. टॅक्सी करावी, सायकल टाकून द्यावी, असं काही त्याला सुचलं नाही. सरकारी सायकल टाकायची असते हेच त्याला माहीत नव्हतं. लालबागला पोचला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता.

रामदास रात्रपाळीहून येऊन झोपला होता. त्याला उठवलं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दत्तारामनंच वाचून दाखवलं. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. रामदासनं पावतीवर सही केली. वेळेच्या रकान्यात दत्तारामनं स्वतःच्या हातानं लिहिलं, नऊ चाळीस.

दोघं खाली धावले. पिशवीत आणखी तीन तारा असताना दत्ताराम रामदासच्या टॅक्सीत बसला, आणि रे रोडच्या फाटकाशी लाकडाच्या गाड्या आडव्या लागल्या तेव्हा खाली उतरून त्यानं बैलांना मागे रेटलं. धक्क्यावर पोचले तेव्हा शिडी वर ओढलेली होती. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पन्नास-साठ हात पाणी होतं, आणि ते रुंद होत चाललं होतं. कठड्यावरून लोक हात हलवत होते.

रामदास गाठोडं मांडीवर घेऊन दगडावर बसला. म्हणाला, "तू तरी काय करणार, दत्ताराम. मंगळवारी आईच्या दुखण्याचं पत्र आलं तेव्हाच निघायला पायजे होतं मी. तू तर माझ्यासाठी धावलास."

दत्तारामला वाटलं, यानं दोन थोबाडीत द्याव्यात. पाकिटावर तार ऑफिसात आल्याचा शिक्का होता, आठ-पन्नासचा. रामदासला तो वाचता येत नव्हता. दत्तारामनं त्याला ती वेळ सांगितली नाही. तो घाबरला होता, एवढंच खरं.

संध्याकाळी चौकीवरून व्हॉल्व्ह सोडवून घरी आल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं आणि कमलला सगळं सांगितलं.

"माझ्यामुळं एक माणूस आईला मुकेल, कमल. सुटली म्हण."

कमलनं सारलेलं ताट पुन्हा त्याच्यापुढे ओढलं. मग म्हणाली, "त्याची आई उद्याच्या बोटीनंपण भेटंल. तुम्ही गेलात तर कुठल्या बोटीनं भेटाल?"

"आणि नाय भेटली तर?"

"मला त्याची आई ठाऊक नाय," कमल म्हणाली. "मला शिवा ठाऊक आहे."

तो तिच्यावर चिडला नाही. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खिडकीतल्या बाबूनं एक तार त्याच्यापुढे सारली. पाकीट साधं. जयगड. रामदास घाणेकर. उघडून वाचायची गरजच नव्हती.

दत्तारामनं पिशवी खांद्याला लावली आणि जन्मात पहिल्यांदा तार घेऊन स्वतःच्या घरी गेला. चाळ वाटेवरच होती. कमल नलूची वेणी घालत होती. तो उंबऱ्यात उभा राहिला, जोडे न काढता.

"तेच नाव आहे," तो म्हणाला. "नऊला तो घरातनं निघंल. आई जिती आहे या भरवशावर बोटीत बसंल. आता मी फूटपाथनं गेलो तर चुकामूक होईल."

कमलनं पाकिटाकडे पाहिलं. हातातली फणी तिनं खाली ठेवली. तिला त्या पाकिटाला हात लावायचा होता असं वाटलं, पण लावला नाही.

"सुटली," ती म्हणाली.

आणि नलूला तिनं पोटाशी इतकं आवळलं की पोर रडायला लागली. दत्ताराम जिना उतरला.

चार महिन्यांनी सायकल रस्त्यावर आली. ट्राम घंटा बडवत जवळून गेली, लॉऱ्या गेल्या, रुळांच्या खाचा चाकाखाली आडव्या आल्या. त्यानं प्रत्येक खाच काटकोनात ओलांडली, पूर्वी ओलांडायचा तशी. वाट मोकळी होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. तो रडत होता, पण हँडल हललं नाही.

लालबागच्या चाळीखाली सायकल टेकवली तेव्हा रामदास गाठोडं घेऊन जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. वरच्या कठड्यावर बायका गोळा झाल्या आणि वाट बघू लागल्या, हा खालून आरोळी देतो की काय. दत्तारामनं आरोळी दिली नाही. वर कुणीतरी पहिला हुंदका काढला.

रामदासनं गाठोडं पायरीवर ठेवलं. पाकीट हातात घेतलं, पण फोडलं नाही.

"आज लवकर आलास, दत्ताराम," तो म्हणाला.

दत्तारामनं पावती पुढे केली आणि सहीसाठी पेन्सिल दिली.