चातुर्मासात वाटलेल्या अक्षता

ये गं, अशी जवळ सरक. लिहितेय खरी, पण बोलतेय असंच समज. आधी मला सांग, बापाच्या चित्रांबद्दल गावभर विचारत फिरलीस, आणि सख्खी आत्या इथे धारला बसलीय, तिला विचारावंसं वाटलं नाही? शहाणीच आहेस. बरं, आता ऐक.

तुझा बाप मुंबईहून चित्रं काढायचं शिकून देवासला परत आला, त्या वर्षीची दिवाळी. मी धारहून माहेरी आले होते. आमचे बाबा दरबारच्या दफ्तरात होते आणि आपल्या शेजारची गादी त्यांनी मुलासाठी राखून ठेवली होती. मुलाच्या मनात मात्र रंग. तेही देवादिकांचे असते तर बाबांनी चालवून घेतलं असतं! याने काढली कोण? आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी माळीण. जात्यावर बसलेली बाई. हुक्का ओढणारा म्हातारा.

"हे रोजच दिसतात की. बघायला येणार कोण?" बाबा म्हणाले.

"येतील," हा म्हणाला.

मग ठरलं. धर्मशाळेत तीन दिवस चित्रं लावायची, लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत. बाहेरचा ओटा एकदा जरी जोड्यांनी भरला, तर जन्मभर रंगवत बस. नाही भरला, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दफ्तरात.

यानं इंदुरात कागद छापून आणले आणि चौकाचौकात चिकटवले. 'प्रदर्शन' असं मोठ्या अक्षरांत. पहिल्या दिवशी ओट्यावर किती जोडे? चार. एक बाबांचा, एक याचा, आणि दोघं आत आले ते विचारायला, की इथे वाटणार काय आहेत. तुझा बाप भिंतीला टेकून बसला. जेवला नाही.

मला राहवेना. म्हटलं, भिंतीवरचा कागद बघून आपल्याकडे कोण कुठे जातं? बोलवायचं तर दारात जाऊन बोलवावं. पाडव्याला सकाळीच नऊवारी नेसले, तबकात कुंकू नि अक्षता घेतल्या आणि घरोघर निघाले. "दुपारी धर्मशाळेत यायचं हं, सगळ्यांनी," एवढंच म्हणायची, अक्षता द्यायची आणि पुढचं दार. चित्रांचं सांगायला थांबले तर निम्मी घरं राहतील, म्हणून थांबलेच नाही.

घरी आले तर आई कपाळाला हात लावून बसलेली. "अगं, अक्षता कशाच्या वाटल्यास? तुळशीचं लग्न अजून व्हायचंय, आणि गावभर झालंय की आपण चातुर्मासातच मुलाचं लग्न उरकतोय! अशी काय घाई पडली, म्हणून विचारतायत बायका."

आता पुन्हा दारोदार जाऊन खुलासा करायला वेळ नव्हता. पण दुपारी जाऊन बघते तर काय! शालू नेसून, नथी घालून, नारळ आणि खण घेऊन अख्खं गाव दारात. कुणाला आहेर करायचा होता, कुणाला नुसतं बघायचं होतं की नवरी आहे तरी कोण.

"नवरी कुठंय?" आमच्या शेजारच्या काकू, गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या, पहिला प्रश्न हाच.

आता काय सांगू? समोर माळिणीचं चित्र होतं. मी बोट दाखवलं. "ही."

काकू जवळ गेल्या. मी ओरडले, "लांबून, लांबून! रंग ओला आहे." त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आपली मेथीवाली! मुलगी सासरी गेल्यापासून हिचे डोळे असेच दिसतात. याला कसं कळलं गं?"

आणि त्यांनी हातातला नारळ नि खण चित्रापुढे ठेवला. ओटी भरली म्हण ना! मग एकीमागून एक सगळ्यांनीच. खरी माळीण गर्दी बघून टोपलीसकट दारात येऊन उभी होती. "अरे, या तो म्हूं हूं!" म्हणाली, ही तर मीच की, आणि पदर तोंडात धरून रडायलाच लागली. काकूंनी तिला हाताला धरून आत घेतलं. "चित्राची भरली, आता हिची भरा," म्हणाल्या.

बाबा सगळं बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "ही गर्दी लग्नाची. मोजायची नाही." तुझ्या बापाचा चेहरा जो पडला!

भाऊबीजेच्या दिवशी मी कुणाकडे गेले नाही. अक्षता नाहीत, कागद नाहीत. पण माळिणीनं आपली सगळी आळी आणली, काकूंनी लेकीसुना आणल्या, पुरुष आले, टेकडीवर देवीला आलेले परगावचे लोक उतरताना आले. मी मधे दोर बांधला, एका दारानं आत आणि दुसऱ्यानं बाहेर अशी वाट करून दिली. "भिया, हात मत लगाना!" ओरडून ओरडून घसा बसला माझा.

बाबा निघाले तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या ढिगात त्यांना स्वतःचा जोडा सापडेना. बराच वेळ शोधला, मग तसेच अनवाणी घरी आले. पाय धुताना मला म्हणाले, "त्याला सांग, दफ्तरातली ती गादी मी उद्या दुसऱ्याला देतो." आणि हसले गं! मोठ्यानं हसले.

त्या रात्री ओवाळलं तेव्हा तुझ्या बापानं माझ्या तबकात माळीण ठेवली. अजून माझ्याकडेच आहे. दर पाडव्याला मी तिची ओटी भरते, पण आता तिला खुंटीवरून उतरवायला हात पोचत नाही. म्हणून सांगते, या दिवाळीला धारला ये. येताना नारळ आण, खण मी काढून ठेवलाय.