आईचा वर झालेला हात

आमच्या तासगाव भागात फ्लेक्स लावायला कारण लागत नाही. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची कुठल्या तरी समितीवर निवड होवो, नाहीतर बैल शर्यतीत पहिला येवो, चौकात फोटो टांगलाच म्हणून समजा. मी त्याकडे कधी मान वर करून बघत नाही. फौजेतल्या माणसाचा फ्लेक्स मात्र वेगळा. वर्दीतला फोटो, मागं तिरंगा. तो लागला की ज्याला वाचता येत नाही त्यालाही काय झालं ते कळतं. शेजारच्या गावात तर शवपेटी पोचायच्या आधी फ्लेक्स लागला होता. आईनं तो येता-जाता पाहिला होता.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. उत्तरेत अतिरेक्यांनी निरपराध माणसांना गोळ्या घातल्या, मग आपल्या सैन्यानं सीमेपलीकडं मारा केला, आणि भावाचा फोन येणं बंद झालं. त्या दिवसांत अख्खा देश मत देत सुटला होता. मी शहरात, विश्रामबागला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिथं चहाच्या वेळी एकच विषय: राष्ट्रप्रमुखांनी अतिरेक्यांना दिलेलं उत्तर पुरेसं की अपुरं? ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला स्टेशनवर फौजेच्या गाडीत बसवून दिलं नाही, ते बिस्किट बुडवता बुडवता सांगायचे, आता थांबायचं नाही, पार आत घुसायचं. कोण घुसणार, हे मात्र कुणी बोलायचं नाही. मारेकऱ्यांची चीड मलाही होती, आजही आहे. त्यांना शिक्षा व्हावी असं मलाही वाटत होतं. पण भावाचा फोन लागत नसताना ते "घुसायचं" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. शेवटी रजा टाकली आणि एसटी धरून गावाला आईकडं आले.

चौकात उतरले तर समोर भाऊ. पुरुषभर उंचीचा, वर्दीतला, मागं फडफडता तिरंगा. हातातली पिशवी टाकून मी पुढं धावले. मग वरची अक्षरं दिसली: राष्ट्रप्रमुखांच्या खंबीर निर्णयाबद्दल जाहीर अभिनंदन. शेजारी राष्ट्रप्रमुखांचा भावापेक्षा दुप्पट मोठा फोटो, आणि खाली गोल गोल चौकटींत आमच्या गावचे सगळे शुभेच्छुक, हात जोडून, गॉगल लावून. गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी भावाचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमधून उचलला होता. आमच्या घरी विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

"त्याचा फोटो काढा आधी," मी ओरडले. "आई बागेतनं यायची वेळ झालीय. तिला काय वाटंल?"

"आक्का, मान हाय ह्यो गावाचा," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. "च्यानलवाले येणार हायत. गावाचं मत घेणार हायत. फोटू काडून कसं चाललं?"

"अरे, लांबनं बघणाऱ्याला काय कळणार?"

"खाली लिवलंय की समदं."

हे बोलणं चालू असतानाच ट्रॅक्टर वळणावर आला. ट्रॉलीत द्राक्षबागेत जादा फुटींच्या विरळणीला गेलेल्या बायका, त्यांत आई. तिनं लांबून फक्त फोटो पाहिला. ट्रॅक्टर पुरता थांबलाही नव्हता, तोवर ती खाली उतरायला गेली आणि गुडघ्यावर पडली. बाकीच्या बायकांनी हंबरडा फोडला. आई मात्र रडली नाही. रस्त्यावरच बसून ती दोन्ही हातांनी माती चाचपत राहिली, काहीतरी सांडल्यासारखी.

मी धावले. "आई, तो बरा आहे. नुसता फ्लेक्स आहे गं, अभिनंदनाचा." तिला ते कळायला बराच वेळ लागला. तिनं माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "मग फोन आला व्हय त्याचा?" फोन आलेलाच नव्हता.

तिला पारावर बसवून पाणी पाजत होते, तेवढ्यात वाहिनीची गाडी आली. कुणीतरी पुढं होऊन सांगितलं, ही जवानाची आई. झालं, कॅमेरा पाराकडं वळला. फ्लेक्स नेमका कॅमेरावाल्याच्या पाठीमागं होता. माईकवाल्यानं आधी विचारलं, राष्ट्रप्रमुखांच्या कारवाईवर गाव खूष आहे का? जयघोष झाला. मग त्यानं आवाज चढवला, "कारवाई इथंच थांबावी, की आणखी पुढं जावी? पुढं जावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

सगळा चौक हात वर करून उभा राहिला. आणि आईनंही हात वर केला. मी तिच्या शेजारी होते, मी ऐकलं. ती फ्लेक्सकडं बोट करून म्हणत होती, "त्यो फोटू काडा रं. माज्या पोराचा फोटू काडा." पण त्या आरोळ्यांत कुणाला काय ऐकू जाणार?

मी त्या माईकवाल्याची कॉलरच धरायची बाकी ठेवली. तो म्हणाला, "ताई, आईंच्या भावना पोचल्या." आणि गाडीत बसून गेला.

पोचल्याच. संध्याकाळच्या बातम्यांत आमचं गाव दिसलं. आईचा सुरकुतलेला हात पडदाभर, आणि खाली पट्टी: जवानाच्या आईचाही कौल, कारवाई थांबवू नका! गावानं टाळ्या वाजवल्या. मला त्या टीव्हीवर पाटा घालावासा वाटला. दुसऱ्या दिवशी मी शिडी मागितली, कुणी दिली नाही. मग आईच्या विळ्यानंच दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्स खाली ओढला. मंडळानं मला देशद्रोही ठरवलं. ठरवू देत. भावाचा फोटो तेवढा कापून घरी आणला, तर आई म्हणाली, घरात बी नको.

फोन आला तो त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी. आई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं मोबाईल कानाला लावला. मी स्पीकर चालू केला.

"आये, मी बरा हाय. टीव्हीवर दिसलीस की! हितं समद्यांनी बगितलं."

आई हसली, रडली, जेवलास का म्हणून विचारलं. मग त्यानंच विचारलं,

"आये, तू बी हात वर केलास व्हय?"

आई सांगायला लागली, "आरं, त्यो तुजा फोटू..."

"असू दे गं," तो म्हणाला, तिला सांभाळून घेतल्यासारखा. "तू म्हणतीस तर जाऊ की म्होरं."

आणि लाईन तुटली. मी परत परत फोन लावून पाहिला, लागला नाही. तव्यावरची भाकरी करपली. आई बंद मोबाईल कानाला तसाच धरून म्हणत राहिली, "न्हाई रं बाळा, मी न्हाई म्हनले. मी तसं न्हाई म्हनले."