तपासणीच्या अक्षता

कळंबहून येरमाळ्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. वय पस्तिशीचं, पण दोन्ही हात कोपरात दुमडलेले. सरळच होत नव्हते. मांडीवर कुंकू लावलेली पाकिटं आणि अक्षतांची पुडी.

"लग्न कुणाचं, दादा?" मी विचारलं.

"लग्न न्हाय बाई, समद्या भावकीच्या हृदयाची तपासणी. भावकीला आवतण द्यायलोय."

मी शाळेत विज्ञान शिकवते म्हटल्यावर तो खुलला. "पेशीच्या केंद्रकाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनाची जाळी सावरती. आमच्या घराण्यात ती जन्मतःच कच्ची. कणगीची वीण सैल असली की दाण्याच्या भारानं फुगती, तसंच स्नायूंच्या ओढीनं केंद्रक फुगतं अन् स्नायू खराब होत्यात, हृदयाचाबी. माझी कोपरं आखडली. थोरल्या भावाचं हृदय चालता-बोलता थांबलं. दुखलं काहीच न्हाय, म्हणून त्यानं कधी तपासलंच न्हाय."

येरमाळ्याच्या चुलतभावानं त्याला दोनदा उठवून लावलं होतं. मी ठणठणीत आहे, अपशकुन करू नको, म्हणाला होता.

गाडी थांबली. तो उठला. टाचा टेकत नव्हत्या, चवड्यांवरच चालत तो दाराशी गेला.

"आजही तो तेच म्हणाला तर?" मी मागून विचारलं.

"म्हणू द्या की. आज अक्षता ठिवून येणार. अक्षता कुणी उकिरड्यावर टाकत न्हाय, बाई. देव्हाऱ्यातच ठिवल त्यो. मग रोज दिवा लावताना दिसतीलच त्याला."