मुलुंड ते बोरिवली, व्हाया मिशी

आमच्या मुलुंडकरांना बोरिवली म्हणजे परदेश. 'वेस्टर्न' लाईनला कुणाचं लग्न निघालं की आमचे लोक आहेराचं पाकीट दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतात. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मी मुलुंडहून बोरिवलीला गेलो, तिथे बारा दिवस राहिलो आणि सुखरूप परत आलो, ही हकिगत प्रवासवर्णनात बसते असं माझं ठाम मत आहे. हिमालयात काय, कुणीही जातं.

गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायचो. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर देखणं, आणि मिशी अशी भरघोस की नवीन पोरं माझं नाव कळायच्या आधी मिशीला घाबरायची. पाचवीत मंगल नावाची मुलगी होती, कर्णबधिर. गळ्यात अडकवलेल्या पिशवीत एक डबीएवढं यंत्र आणि त्याची वायर कानात. चष्मा लावला की दिसतं तसं यंत्र लावलं की ऐकू येतं, असा आम्हा सगळ्या शिक्षकांचा समज. तिच्या वहीत मात्र शेजारच्या मुलीची उत्तरं असायची, खाडाखोडीसकट. मी तिला कॉपी करते म्हणून तीनदा उभं केलं, एकदा शेवटच्या बाकावर बसवलं, आणि शेवटी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, तक्रार केली.

"बोरिवलीला कर्णबधिर मुलांच्या शाळेत साध्या शाळांतल्या शिक्षकांसाठी वर्ग निघालाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही जा."

"मी? बाई, मी भूगोलाचा माणूस..."

"तक्रार तुमची ना? मग तुम्हीच जा. परत आल्यावर मी तुमच्या तासाला बसेन. तिला वर्गात काही कळतंय असं दिसलं तर सहावीतही ती इथेच राहील. नाहीतर मी दाखला देते. बोरिवलीच्या शाळेत जागा आहे."

निघायच्या आदल्या दिवशी मंगलची आई फाटकाशी थांबली होती. भांडुपच्या कारखान्यात पॅकिंगला जायची ती. "सर, दाखला दिला तर रोज बोरिवली कशी करणार हो ही? लोकलगाड्या बदलणं तिला जमायचं नाय. तुम्ही बसनं जाऊन बघा ना किती वेळ लागतो." म्हणून मी बसनं निघालो, नाहीतर शहाणा माणूस या वाटेला बसनं जात नाही.

जानेवारीतली सकाळ, सात वाजलेले. चेकनाक्याहून लाल बस आग्रा रोडनं निघाली (पाटीवर लालबहादूर शास्त्री मार्ग, पण माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत त्याला आग्रा रोडच म्हटलं). भांडुप, कांजूर, विक्रोळी अशा कंपन्यांच्या भिंती मागे पडत गेल्या आणि गेटागेटांवर पहिल्या पाळीची माणसं चहा पीत होती. घाटकोपरला बस बदलायची. तुम्ही कधी असे गेलात तर तिथे गरम फाफडा चुकवू नका, सोबत कच्च्या पपईचा कीस आणि तळलेली मिरची. दुसरी बस असल्फ्यावरून साकीनाक्याला आली आणि थांबली ती थांबलीच. एका गृहस्थानं कंडक्टरला विचारलं, "काय हो, अंधेरीला किती वाजता पोचेल?"

"तुम्ही चालत व्हा ना पुढे," कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत म्हणाला, "मी येतोच मागून."

अंधेरीला उडप्याकडे इडली-वडा खाऊन तिसरी बस धरली. जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली करत बोरिवली आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. सव्वाचार तास. वाटेत मी घाटकोपरला रस्ता ओलांडताना मागून ट्रकनं हॉर्न दिला म्हणून उडी मारली होती, ते मला बोरिवलीत उतरल्यावर आठवलं. अकरा वर्षांची मुलगी, तीन बसगाड्या, आणि हॉर्न ऐकू न येणारी. तोवर हा दाखला माझ्या लेखी नुसता कागद होता.

मुक्काम मावशीकडे. मावशी आमच्या मालवणची, त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती. पहिल्याच रात्री बांगड्याचं तिखलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला. आम्ही शिक्षक सोळा जण, काही माझ्यासारखे साध्या शाळांतले, काही विशेष शाळांत नव्यानं लागलेले. शिकवायला नाडकर्णी बाई, फळ्याच्या खालच्या कडेएवढी उंची आणि नजर अशी की इन्स्पेक्टरही उभा राहील. त्यांनी प्रत्येकाला दहा मिनिटं शिकवायला लावलं. मी झकास शिकवलं, असं मला वाटलं. मग बाईंनी आमच्या कानांत कापूस कोंबला, वरून लोकरीच्या कानटोप्या चढवल्या, बाकांवर बसवलं आणि स्वतः माझी नक्कल केली. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत होत्या. मला दिसत होता त्यांचा अंबाडा आणि पदर. मधेच वळल्या तर वरच्या ओठावर काळा कंगवा धरलेला! सगळे हसत सुटले, ते मला फक्त दिसलं. बाईंचे ओठ कंगव्याखाली हलत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता.

हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. यंत्रातून मंगलला थोडाफार आवाज यायचा, बाकीचं ती ओठांवरून उचलणार. आणि मी जूनपासून तिला काय दाखवलं होतं? शर्टाची पाठ आणि मिशी. पोरगी शेजारणीच्या वहीत बघत होती, कारण वर्गात तिला वाचता येण्यासारखं तेवढंच होतं. त्यासाठी मी तिला तीनदा उभं केलं. मला लाज वाटली.

"ओठ दिसले पाहिजेत, सावंत," संध्याकाळी नाडकर्णी बाई म्हणाल्या. "बारीक करा ती."

आता आमच्यात बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत. पण बारीक करायला काय हरकत? स्टेशनजवळच्या सलूनमध्ये बसलो. न्हाव्यानं डावी बाजू जरा जास्त घेतली, मग बरोबरी करायला उजवी, मग पुन्हा डावी. "साहेब, आता पुरीच काढू का?" त्यानं विचारलं, तेव्हा काढण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

मावशीनं दार उघडलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "मिशी खंय गेली रे तुजी? भावोजी बरे आसत मा?" तिला समजावता समजावता बांगडे गार झाले.

रविवारी शाळेची मुलं कान्हेरीच्या लेण्यांना निघाली आणि आम्हीही. नॅशनल पार्कच्या फाटकापासून लेणी बरीच आत आहेत, तेव्हा पाणी आणि डबा बरोबर घ्या, आणि माकडांपुढे डबा उघडू नका. मोठ्या चैत्यगृहात मी जोशात आलो. खांबाकडे हात केला आणि लगेच माहिती सुरू. एक दहा वर्षांची मुलगी वैतागून पुढे आली, माझी हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडे फिरवलं. मग खांबाकडे बोट, डोळ्यांकडे बोट, आणि मग माझ्या ओठांकडे. खांब आणि ओठ एकदम कसे बघायचे? आधी बघू दे, मग बोल. बी.एड.ला वर्ष घातलं त्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला हात जोडले. तिनं मोठ्या मनानं मान डोलावली.

पुढचे दिवस नुसता सराव. लिही, खडू ठेव, वळ, थांब, मग बोल. ओरडायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा. रात्री झोपेतही मी खडू ठेवत असेन. शेवटच्या दिवशीच्या पाठाला साध्या शाळेतली मुलं आणि तिथली चार कर्णबधिर मुलं एकत्र बसवली होती. पाठ संपल्यावर नाडकर्णी बाई एवढंच म्हणाल्या, "आता मुलांना तुम्ही दिसता." त्यांच्याकडून एवढं मिळवणारे आम्ही दोघंच होतो, हे नम्रपणे नमूद करतो.

घरी पोचलो तर वडील दारातच पेपर वाचत बसलेले. संपात गिरणीतली नोकरी गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं, पण त्या दिवशी चाळ जागी झाली. "मी अजून जितो आसंय मरे!"

मी सगळं सांगितलं. कंगवा, कापूस, मंगल. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "पोरीक कळतला मा? मगे ऱ्हवांदे." दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तेच शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या झिलान शाळेसाठी मिशी दिली." जसा काही मी सीमेवर लढून आलो होतो.

सोमवारी मोठ्या बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मंगलला मी दुसऱ्या बाकावर घेतलं. आधी तिच्यासमोर जाऊन म्हटलं, "मी तुला उभं केलं, ते माझं चुकलं." मग धडा, खारे वारे आणि मतलई वारे. फळ्यावर समुद्र काढला, जमीन काढली, बाण काढले. खडू ठेवला, वळलो, तिची नजर चित्रावरून माझ्याकडे यायची वाट बघितली, आणि मग बोललो. शेवटी सगळ्यांना वह्या मिटायला सांगितल्या.

"दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते कुठले वारे?"

पंधरा-वीस हात वर झाले. त्यात मंगलचा होता. वर्षभरात तो हात मी वर गेलेला पाहिला नव्हता.

"मंगल?"

ती उभी राहिली. शेजारणीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत, जाड, अडखळत्या आवाजात, पण ठासून म्हणाली, "मतलई!"

चार पोरं फिसकन हसली. मागे मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मंगलला बरोबर उत्तर सांगितलं, तिनं माझ्या ओठांकडे बघून "खारे" असं स्वतःशी म्हटलं आणि बसली.

तास संपल्यावर व्हरांड्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "सावंत सर, चुकली ती."

"हो बाई," मी म्हटलं. "शेजारणीला बरोबर येत होतं."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तिच्या सहावीचा भूगोलही तुम्हीच घ्या," म्हणाल्या आणि ऑफिसात गेल्या.

मंगल आमच्याच शाळेतून सातवी पास झाली. मी निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल, तर पाठमोरं बोलायची सवय गेली ती गेलीच. चहा हवा असला तरी मी स्वयंपाकघरात जाऊन समोर उभा राहून मागतो, आणि ही म्हणते, "तिथून ओरडला असतात तरी मिळाला असता." बाकी माझ्या वर्गातली मुलं पुढे डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, त्यांचं कौतुक आहेच. पण माझ्या शिकवण्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान कधी वाटला असं कुणी विचारलं, तर मी त्या सोमवारचंच नाव घेतो, ज्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं चुकली.