आतल्या गोटातलं पाणी

दुष्काळाची वर्षं होती. गारखेड्यात रोज सकाळी उठलं की एक नवी इमारत उगवलेली दिसायची, पाणी मात्र आठवड्यातून एकदा. आमच्या अंगणातला निळा ड्रम एवढा मोठा, की सकाळी त्यात हाक मारली तर उत्तर संध्याकाळी यायचं. मी वीस वर्षांचा आणि गल्लीतल्या पोरांच्या बातम्यांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन, म्हणजे जवळजवळ मंत्रीच.

एका सकाळी पाणी सोडणारे काका लोखंडी चावी घेऊन सायकलवरून आले. मी दारातच होतो. म्हणाले, "मोठी पाइपलाइन फुटलीय. उद्याचं पाणी चार दिवसांनी येईल. जपून वापरा."

सरकारी माणूस बोलला म्हणजे खोटंच, असं आमचं शास्त्र. मी ग्रुपवर ठोकून दिलं: 'आतल्या गोटातली बातमी. पाइपलाइन फुटलेली नाही. आपलं पाणी वळवायचा डाव फसला. उद्या सहाला पाणी येणार.' आतल्या गोटात होतो मी एकटाच, पलंगावर आडवा.

संध्याकाळी तीच बातमी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, पडेगावच्या कुठल्याशा ग्रुपातून फिरून माझ्याकडं आली. खाली 'खात्री केली आहे' असं जोडलेलं. म्हटलं, एवढ्या लांबचे लोक सांगतात म्हणजे खरंच असणार.

नवं पाणी यायचं तर शिळं ओतून ड्रम घासायचा, ही घरोघरची रीत. आई घुटमळली. "काका तर नाय म्हणले होते ना रं?"

"ते सरकारचे, आई. कर ड्रम आडवा."

सकाळी नळातून नुसता वारा. गल्लीभर धुतलेले ड्रम पालथे पडलेले. पाणी होतं फक्त शेजारच्या आजीकडं, कारण तिच्याकडं मोबाईल नव्हता. आईला कळशी भरून देताना ती मला म्हणाली, "तुझ्या त्या गोटात तांब्याभर बी नाय व्हय?"

दुपारी काका आले आणि पोरांनी सायकल अडवली. काकांनीच पाणी विकलं, असं पोरं म्हणत होती. काकांनी माझ्याकडं पाहिलं. "तू होतास ना दारात? सांग यांना, मी काय म्हणलो ते."

सगळी पोरं माझ्याकडं वळली. दोघांनी मोबाईल वर धरले.

"मला नीट ऐकू नाय आलं," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी, काकांनी सांगितल्याप्रमाणं, पाणी आलं. ग्रुपवर 'आपल्या दणक्यानं पाणी सुटलं' म्हणून माझा फोटो फिरला. आईनं पहिला तांब्या भरला आणि माझ्या समोरून जाऊन दाराबाहेर चावी घेऊन उभ्या काकांना नेऊन दिला. माझ्या खिशात मोबाईल थरथरत होता. पोरं विचारत होती, पुढचं पाणी कधी.